तेल-तिखटाची कुळकथा

ताटात चमचाभर लाल तिखट, चिमूटभर मीठ, वरून करडीच्या कच्च्या तेलाची धार. बोटानं कालवायचं आणि ज्वारीच्या गरम भाकरीशी खायचं. बुक्कीनं फोडलेला कांदा असला तर आणखी काही मागू नये. मराठवाड्यात शेतातून उशिरा परतलेल्या माणसाचं, खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याचं, भाजी संपलेल्या घराचं हे हुकमी जेवण. धर्माबादसारख्या मिरचीच्या गावात तर ते इतकं आपलं वाटतं, की पणजोबांच्याही पणजोबांपासून चालत आलं असणार असं कुणीही म्हणेल. ज्वारी आणि करडीपुरतं ते खरं आहे. तिखट मात्र त्या मानानं कालचं.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरच्या शेजारचं. राजाच्या पाकशाळेत काय काय शिजे याचं रसाळ वर्णन त्यात आहे. मिरी आहे, आलं आहे, हिंग आहे, मिरची नाही. ती असणंच शक्य नव्हतं, कारण तेव्हा ती अमेरिका खंडांच्या बाहेर पडलेलीच नव्हती. आपल्याकडं जिभेला चटका द्यायचं काम मिरी आणि पिंपळी करत. मिरीचा वेल मलबारच्या दमट पावसात वाढतो, गोदाकाठच्या काळ्या रानात नाही. म्हणजे ती विकतच आणायची, आणि ज्याच्या गाठीला पैसा त्यानंच.

1492 मध्ये कोलंबस निघाला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या शोधात, आणि त्याला सापडली मिरची. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं; त्याच शतकात त्यांच्या गलबतांतून मिरची गोव्यात उतरली आणि तिथून घाट चढून देशावर आली. तिला राजाश्रय लागला नाही. काही महिन्यांत झाड फळाला येतं, उन्हात वाळवलं की फळ वर्षभर टिकतं, आणि पुढच्या सालाचं बी त्याच फळात असतं. परसात चार झाडं लावली की घराचं भागलं. चवीपेक्षाही या फुकटच्या बियाण्यानं मिरचीला जिंकून दिलं, असं माझं ठाम मत आहे. श्रीमंताच्या ताटातला तिखटपणा तिनं गरिबाच्या भाकरीवर आणून ठेवला.

धर्माबादला मोठं केलं ते रूळ आणि सीमा यांनी. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद-मनमाड लोहमार्ग पडू लागला, त्यावरचं हे स्टेशन. पुढचं स्टेशन बासर, सरस्वतीचं. तिथं राज्य बदलतं. 1956 च्या भाषावार रचनेत मधून रेघ गेली, पण व्यापारानं ती फारशी मनावर घेतली नाही. पलीकडं मिरची पिकवणारी तेलुगू रानं, अलीकडं सालाचं तिखट एकदम करून ठेवणारी मराठी घरं, आणि दोघांच्या मधोमध हा बाजार. हंगामात आडतीवर लाल ढीग पडले की नवख्या माणसाला रस्त्यावरूनच ठसका लागतो.

पूर्वी तिखट ही घरची उन्हाळी मोहीम होती. मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे, उखळात कांडायच्या. हाताची आग रात्रभर जात नसे. पुढं कांडपाचे डंख आले, मग कारखाने, आणि तिखट पुड्यात मिळू लागलं. काम उखळावरून यंत्रावर गेलं, तरी देठ खुडणारे हात बायकांचेच राहिले. मिरचीचं मोल ठरवताना त्या हातांच्या मजुरीचा भाव वाढवून धरायला हवा. दुकानातून तयार पुडा आणून पाच मिनिटांत जेवायची सोय त्यांनी करून दिली आहे.

चांगलं तिखट सहसा एका मिरचीचं नसतं. ब्याडगीची सुरकुतलेली मिरची रंग देते, झोंबत कमी. तेजा बारीक आणि जहाल. दोन्हींचा मेळ बसवणं हे जाणत्याचं काम. आणि तेल का, तर मिरचीतला झोंबणारा पदार्थ, कॅप्सायसीन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. रंगाचंही तसंच. म्हणून कोरडं तिखट नुसतं टोचतं, आणि तेलात कालवलं की त्याचा लाल रंग आणि वास दोन्ही खुलतात. तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही; दही खावं.

काळजी वाटते ती करडीची. परदेशातून आलेली मिरची इथं पक्की रुजली, आणि तिच्याआधी शतकानुशतकं इथं असलेली करडी मागं हटली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखं चांगलं वाण दिलं, तरी काटेरी पीक काढायला मजूर मिळत नाहीत आणि सोयाबीननं रानं व्यापली. सोयाबीनच्या रिफाइंड तेलात तिखट कालवून पाहा. रंग येतो, वास येत नाही. आता गावोगावी लाकडी घाणे पुन्हा फिरू लागलेत, तिथं करडीचं तेल मिळतं. महाग आहे, पण तळणाला कुणी ते घेऊ नये. छोटी बाटली आणावी आणि फक्त कच्चं खाण्यासाठी राखून ठेवावी.