खाडीकाठची ओली हाडे आणि कोकणचा इतिहास : मंडणगड परिसराच्या संदर्भात

मंडणगड तालुक्याचा इतिहास प्रामुख्याने किल्ले व दप्तरे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. इ. स. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सावित्रीच्या मुखावरील बाणकोटचा किल्ला घेतला. पुढे इंग्रजांनी त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. जहाजांना गोमांस मिळण्याची सोय हे या ठाण्याचे एक आकर्षण असल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. मात्र कोणती जनावरे, कोणत्या वयात कापली गेली, या प्रश्नांची उत्तरे कागदांपेक्षा हाडांत अधिक सापडतात. इनामगाव (१९६८–१९८३) येथील डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, उत्तरकाळात समाज मेंढपाळीकडे वळल्याच्या मांडणीस प्राण्यांच्या हाडांचाच आधार मिळाला.

कोकणात असा पुरावा दुर्मीळ असण्याचे एक कारण मातीत आहे. जांभ्याची आम्लधर्मी माती हाडातील खनिज विरघळविते. याउलट खाडीकाठच्या पाणथळ गाळात प्राणवायू पोहोचत नसल्याने हाडे दीर्घकाळ टिकू शकतात. मात्र अशा हाडांच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी भरलेले असते व अंतर्गत रचना दुबळी झालेली असते. ती उन्हात ठेवल्यास आकुंचन पावतात, तडकतात व त्यांचे पापुद्रे सुटतात. खारे पाणी असल्यास सुकताना मिठाचे स्फटिक वाढून हाड आतून फुटते.

म्हणून उत्खननानंतर हाड ओलेच ठेवून, खड्डा व थर यांची नोंद असलेल्या चिठ्ठीसह पिशवीत बंद करावे. गाळ मऊ कुंचल्याने, गोड्या पाण्यात हळुवार काढावा. खरवडल्यास सुरीचे जुने व्रण पुसले जातात किंवा नवे उमटतात. क्षार निघेपर्यंत पाणी वारंवार बदलावे व वाहकतामापकाने तपासावे. त्यानंतर सावलीत, संथपणे सुकवावे. नाजूक हाडातील पाणी अल्कोहोलच्या वाढत्या प्रमाणातील द्रावणांनी काढता येते. पूर्ण सुकल्यावर, आवश्यक तेथेच, ॲसिटोनमधील पॅरालॉइड बी-७२ चे विरळ द्रावण लावावे. कार्बन कालमापनासाठी काही नमुने लेपाविना राखणे अनिवार्य आहे.

सारांश, शतकानुशतके गाळाने जपलेला पुरावा काही दिवसांच्या घाईने नष्ट होऊ शकतो. उत्खननाच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या टाक्या, सावली व वेळ यांची तरतूद आधीच असणे, ही कोकणच्या सामाजिक-आर्थिक इतिहासलेखनाची पूर्वअट होय.