ओतूरच्या यात्रेतलं इंजिन आणि नेरळचा पाहुणा

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. पुणे-नाशिक रेल्वेची बातमी त्याने कुठेतरी वाचली होती. "आजोबा, जुन्नरला रेल्वे का नाही?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे उत्तर नव्हे, म्हणून इथे लिहितो. त्याची आई त्याला वाचून दाखवेल.

माझ्या लहानपणी आमच्या जुन्नर-आंबेगावकडे आगगाडी यायची ती श्रावणात, आणि तीही पत्र्याची. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत तांदळाच्या पिंडींचं दर्शन झालं की आम्ही पोरं खेळण्यांच्या दुकानांकडे पळायचो. एका श्रावणी सोमवारी आईने मला चावीचं इंजिन घेऊन दिलं. आईचं माहेर घोडेगाव, सासर जुन्नर. खरं इंजिन तिनेही पाहिलेलं नव्हतं. "खरं केवढं असतं रे?" ती मला विचारायची. मला तरी कुठे ठाऊक होतं! मी हात पसरून काहीतरी दाखवायचो.

शिक्षक झाल्यावर इतिहास वाचताना एक गोष्ट हाती लागली आणि मी चकित झालो. 1840 च्या दशकात मुंबईहून रेल्वे नेण्याच्या योजना आखल्या जात होत्या, तेव्हा सह्याद्री चढायला पहिली पसंती होती आमच्या माळशेज घाटाला! ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पाठपुरावा करणाऱ्या जॉन चॅपमनच्या डोक्यात हाच मार्ग होता. मग मुख्य अभियंता म्हणून जेम्स बर्कले आले. त्यांनी डोंगर पायाखाली घातले, माळशेज बाजूला ठेवला आणि बोरघाट व थळघाट निवडले. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी वर आली, 1865 मध्ये थळघाटातून इगतपुरीला पोचली. एक आमच्या दक्षिणेला, एक उत्तरेला. सातवाहनांच्या काळी कल्याणचा माल नाणेघाटाने चढून ज्या जुन्नरला यायचा, ते जुन्नर मधल्या मध्ये राहिलं.

आता पाहुण्याकडे येतो. माथेरानची छोटी गाडी पीरभॉय घराण्याच्या पैशांतून उभी राहिली आणि 22 मार्च 1907 रोजी सुरू झाली. तिची चार वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची. पुढे डिझेल आलं आणि ती निवृत्त झाली (माझ्यासारखीच, फक्त त्यांना पेन्शन नाही). एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलं, एक तर थेट इंग्लंडला. मग पर्यटकांसाठी पुन्हा वाफेची गाडी काढायची ठरलं तेव्हा मार्च 2001 मध्ये दार्जिलिंगहून 794 क्रमांकाचं इंजिन मागवलं गेलं. दोन्हीकडचे रूळ दोन फुटी, त्यामुळे सोयरीक जमली. प्रत्यक्ष सेवेत यायला मात्र मे 2002 उजाडला.

ही बातमी मी आईला वाचून दाखवली. तेव्हा तिने पंच्याहत्तरी ओलांडली होती. "मला ने," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणपर्यंत एसटी, पुढे लोकल. आयुष्यातला तिचा पहिला रेल्वे प्रवास तो, पण ती लोकलला आगगाडी मानायलाच तयार नव्हती. "धूर कुठाय?" डब्यातल्या बायका हसल्या.

नेरळला इंजिन उभं होतं, पण थंड. त्या दिवशी ते चालणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं, एवढ्या लांबून म्हातारीला आणलं म्हणून. आई मात्र जवळ गेली, बॉयलरवर तळहात टेकवला आणि चुलीची धग पाहावी तसा बराच वेळ तिथेच ठेवला. "लहानच आहे की रे," म्हणाली. मी तिला सांगितलं की हे डोंगरातलं धाकटं भावंड, घाटातली इंजिनं याच्या कितीतरी पट मोठी असत. तिला ते फारसं पटलं नाही.

परतताना माळशेजच्या वळणावर तिने विचारलं, "गाडी इथून येणार होती म्हणालास ना? कुठून?" मी खिडकीतून कडा दाखवला. ती मान वर करून पाहत राहिली. "मग त्या साहेबाचं काही चुकलं नाही."

नातवाच्या बातमीचं राहिलंच. पुणे-नाशिक रेल्वे आमच्या नारायणगावावरून जायची होती. पण खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तिच्या कामात अडथळा येईल म्हणून मार्ग शिर्डीकडून वळवण्याचं 2025 मध्ये रेल्वेने सांगितलं. विजेच्या गाडीचा हा त्रास. वाफेच्या इंजिनाबद्दल दुर्बिणीची बहुधा काही तक्रार नसती.

ओतूरचं ते पत्र्याचं इंजिन आईच्या फडताळात पुष्कळ वर्षं होतं. चावी हरवलेली, एक चाक गायब. ती गेल्यावर घर रंगवायला काढलं, तेव्हा सामानाच्या हलवाहलवीत ते कुठे गेलं कोण जाणे. कुणा नातेवाइकाच्या घरी सापडलं तर कळवावं.