प्राथमिक शाळेतील स्पॅनिश : मार्फा ते मायामी

स्पॅनिश ही जगातील २० सार्वभौम देशांची अधिकृत भाषा. अमेरिकेत इंग्रजीच्या खालोखाल तीच सर्वाधिक बोलली जाते. तरीही तेथील प्राथमिक शाळांत तिला मानाचे स्थान सहजासहजी मिळालेले नाही. हा इतिहास समजून घेण्यासाठी दोन शाळांची माहिती असणे आवश्यक आहे.

पहिली शाळा टेक्सास राज्यातील मार्फा या गावची ब्लॅकवेल स्कूल. १९०९ मध्ये बांधलेल्या या शाळेत मेक्सिकन वंशाची मुले गोऱ्या मुलांपासून वेगळी शिकत. त्यांच्या घरची भाषा स्पॅनिश. मात्र शाळेत ती बोलण्यास मनाई होती. १९५४ मध्ये मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेण्यात आले आणि त्या पेटीत घालून 'मिस्टर स्पॅनिश'चा दफनविधी करण्यात आला. ही शाळा १९६५ मध्ये बंद झाली. आज ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली जाते.

दुसरी शाळा फ्लोरिडातील मायामीची कोरल वे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून हजारो कुटुंबे मायामीत आली. त्यांच्यात अनुभवी शिक्षकही होते. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने १९६३ मध्ये कोरल वे शाळेत द्विभाषिक उपक्रम सुरू झाला. अर्धा दिवस इंग्रजीतून व अर्धा दिवस स्पॅनिशमधून अध्यापन, अशी ही योजना होती. क्यूबन आणि अमेरिकन, दोन्ही मुलांनी दोन्ही भाषा शिकायच्या, हे तिचे वैशिष्ट्य. चित्रकला, संगीत व खेळ यांसाठी मुले एकत्र येत. येथे स्पॅनिश हा केवळ एक विषय नव्हता, तर ते शिक्षणाचे माध्यम होते.

या दोन पद्धतींतील फरक महत्त्वाचा आहे. आठवड्यातील एखाद्या तासात मुलांना रंग, आकडे व अभिवादने येतात. गणित वा विज्ञान त्या भाषेतून शिकताना मात्र विचार करण्यासाठी भाषा वापरावी लागते. संस्कृतीचेही तसेच आहे. पिन्याता फोडणे किंवा मृतांच्या स्मरणाचा मेक्सिकन सण साजरा करणे मुलांना आवडते. पण त्या सणाला क्यूबा वा अर्जेंटिनात मेक्सिकोसारखे स्थान नाही. मोटारीला कुठे 'कोचे', कुठे 'कार्रो', तर कुठे 'आउतो' म्हणतात. 'तू' आणि 'उस्तेद' यांतील भेद मराठी मुलाला 'तू' व 'आपण' यांमुळे चटकन उमगेल. इंग्रजी मुलाला तो नाटुकल्यांतून शिकवावा लागतो.

धोरणे मात्र हेलकावे खात राहिली. १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा संघीय कायदा झाला. पुढे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २२७ संमत करून अशा शिक्षणावर कडक निर्बंध घातले आणि २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ द्वारे ते बहुतांशी मागे घेतले. या दरम्यानच्या १८ वर्षांत एक संपूर्ण पिढी शाळेतून बाहेर पडली.

घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागली, तर मूल स्वतःचा काही भागही बाहेर ठेवून येते. मार्फाच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये त्या पेटीचे प्रतीकात्मक उत्खनन केले. पुरलेले शब्द त्यांनी अर्धशतकानंतरही आपलेच मानले.