मागच्या आंसाचें कुलूप

पावसाळ्याच्या मध्यावर उरण-पनवेलकडच्या खाजणांत एखादी जीप रुतली म्हणजे पाहणाराला एक विलक्षण प्रकार दिसतो. मागचें एक चाक चिखलांत असतें आणि तें भिंगरीसारखें गरगरत असतें. त्याच आंसावरचें दुसरें चाक कठीण मुरुमावर टेकलेलें असतें आणि तें मात्र जागचें हलत नाहीं. ज्याला कांहीं काम करतां येण्यासारखें आहे तें स्वस्थ बसतें, आणि ज्याच्या हातून कांहींच होण्यासारखें नाहीं तें सारी गति उधळून टाकतें. इंजिनाचा जोर कमी पडला म्हणावें, तर तसेंहि नसतें. दोष असलाच तर तो आंसाच्या मध्यभागीं असलेल्या लोखंडी गोळ्यांतील चार-सहा दंतचक्रांचा; आणि तोहि खरोखर दोष नव्हे, एका मोठ्या गुणाचीच ती दुसरी बाजू आहे.

सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पहिला पूल १९७३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वीं हा मुलूख आगरी-कोळ्यांच्या गांवांचा, भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आज तेथें नवी मुंबई उभी आहे. तुर्भ्याला बाजार समिति आहे, कळंबोलीला लोखंडाचा बाजार आणि मालट्रकांचा तळ आहे, आणि त्यांच्या आधारानें जगणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानांच्या रांगा आहेत. जुनी जीप किंवा लहानसा मालट्रक थोडक्या पैशांत विकत घ्यावा, रविवारच्या रविवारीं त्याची डागडुजी करावी आणि पावसांत डोंगराकडे न्यावा, असा नाद असलेली मंडळी या शहरांत कांहीं थोडी नाहीं. त्यांच्या बोलण्यांत एक प्रश्न हटकून निघतो: मागच्या डिफरन्शियलला कुलूप बसवावयाचें तें कोणतें? वरवर पाहतां हा प्रश्न बाजारांतल्या दरपत्रकाचा आहे. परंतु त्याचें उत्तर नीट द्यावयाचें तर दोनशे वर्षें मागें जावें लागतें.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न कधींच पडला नाहीं. तिचा आंस स्थिर असतो आणि दोन्ही चाकें आपापल्या परीनें त्यावर मोकळीं फिरतात. गाडी वळली कीं बाहेरचें चाक जास्त फिरतें, आंतलें कमी फिरतें, आणि गाडीवानाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. कारण बैल गाडी ओढतात. चाक ओढत नाहीं. वाफेच्या यंत्रानें चाकालाच फिरवावयाचें ठरविल्यावर मात्र अडचण उभी राहिली. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर गाडीनें एक पुरा फेरा घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां सुमारें ९.४ मीटर अधिक चालावें लागतें. फेरा लहान असो कीं मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकें एकाच दांड्याला पक्कीं जखडलीं असतील तर हा हिशेब चुकता करावयाला एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे एका चाकानें रस्त्यावर घसपटत जाणें.

ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिरानें १८२८ सालीं आपल्या वाफेच्या गाडीसाठीं या अडचणीवर तोड काढली आणि तिचें पेटंट घेतलें. आंसाचे दोन तुकडे करावयाचे, मध्यें दंतचक्रांची जोडी अशी बसवावयाची कीं जोर दोहोंकडे सारखा जाईल, परंतु वेग मात्र ज्याचा त्याला ठरवितां येईल. पुढें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ली यानें १८७७ सालीं तीच युक्ति तीन चाकी सायकलीला लावली, आणि मोटार जन्माला आली तेव्हां हा सांगाडा तिच्यासाठीं तयारच होता. यंत्रशास्त्रांतील इतकी सुंदर कल्पना क्वचितच सांपडेल. ना स्प्रिंग, ना चालकाची दखल. चार दंतचक्रें एकमेकांशीं तडजोड करीत राहतात आणि गाडी वळत जाते.

परंतु ‘जोर दोहोंकडे सारखा’ या शब्दांतच सारी मेख आहे. श्रोत्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. चिखलांतलें चाक फिरविण्यास जेवढा जोर पुरतो तेवढाच जोर कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो, त्याहून गुंजभरहि अधिक नाहीं. चिखलांत विरोध जवळजवळ नसतोच; म्हणून दुसऱ्या चाकाच्या वांट्याला येणारा जोरहि जवळजवळ शून्य. समान वांटणीचा हा कायदा डांबरी सडकेवर जितका न्यायी, तितकाच खाजणांत घातक.

दुसऱ्या महायुद्धांत ही उणीव दोन निरनिराळ्या रीतींनीं पुढें आली. अमेरिकेंत १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या गाडीचीं चारहि चाकें इंजिनानें फिरत, परंतु पुढचें आणि मागचें अशीं दोन्ही डिफरन्शियलें मोकळीं. पुढचें एक आणि मागचें एक अशीं दोन चाकें एकदम घसरलीं कीं चार चाकांचा तो सारा डौल फुकट जाई. जर्मनीची कथा उलट आहे. फर्डिनांड पोर्शे यानें ऑटो युनियनसाठीं आखलेल्या शर्यतीच्या गाडीचा जोर इतका दांडगा होता, कीं ताशी दीडशे किलोमीटर वेगांतहि तिचें एक मागचें चाक घसरे. म्हणून त्यानें १९३५ च्या सुमारास झेडएफ या कारखान्याकडून घसरणीला आळा घालणारें डिफरन्शियल तयार करून घेतलें. शर्यतीसाठीं काढलेली ती तोड युद्धांत क्यूबेलवागन या साध्या लष्करी गाडीला लागली. आणि जिचीं फक्त मागचीं दोन चाकें फिरत, अशी ती गाडी वाळूंत नि चिखलांत आपल्या मापाबाहेरचें काम करूं लागली. चार चाकें फिरविण्यापेक्षां दोनच नीट फिरविणें कधीं कधीं अधिक उपयोगाचें पडतें, ही गोष्ट नव्या मुंबईंतल्या काटकसरी मालकानें विसरूं नये.

मुंबईशीं या कथेचा संबंध येतो तो जीपच्याच वाटेनें. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद यांनीं पोलादाच्या व्यापारासाठीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र असें झालें. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच या कंपनीनें विलिस जीपचे सुटे भाग आणवून मुंबईंत त्यांची जुळणी सुरू केली. पुढें सारी गाडीच येथें बनूं लागली. सरकारी अधिकारी, डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, निवडणुकीचे उमेदवार, सर्वांनीं ती वापरली. आणि त्यांच्या हातून सुटल्यावर तीच जीप पश्चिम महाराष्ट्रांत ‘वडाप’ होऊन माणसें भरभरून नेऊं लागली. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, पेट्रोलचें इंजिन जाऊन डिझेलचें आलें, परंतु सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या जीपमधला मागचा गोळा मोकळाच राहिला. यांत कारखानदाराचा कंजूषपणा पाहण्याचें कारण नाहीं. कुलूप लावलेला आंस कोरड्या सडकेवर टायर खातो, वळतांना गाडीला सरळ ढकलतो, आणि शिकाऊ चालकाच्या हातीं तो संकट होऊन बसतो. लाखों लोकांच्या हातीं जाणाऱ्या वस्तूला सावधपणाच शोभतो.

कुलूप खरोखर ज्यांना हवें होतें त्यांना तें मिळालेंहि. पारसिकच्या डोंगरांतील दगडखाणींवर आणि पुढें विमानतळासाठीं उलव्याची टेकडी फोडतांना जे मोठे टिपर राबले, त्या जातीच्या गाड्यांच्या मागच्या आंसांना चालकाच्या हातचें कुलूप असतें. उतरणीवर, ओल्या मातींत, वीस-पंचवीस टन दगड पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या गाडीचें एक चाक नुसतें फिरत राहणें परवडण्यासारखें नसतें. तो विमानतळ २०२५ सालीं उघडला.

आतां लहान गाडीच्या मालकाकडे वळावें. त्याच्यापुढें असलेल्या वाटांपैकीं सर्वांत स्वस्त ती सर्वांत जुनी आहे: गोळा उघडून आंतलीं दंतचक्रें वितळजोडानें कायमचीं जखडून टाकावयाचीं. मिस्त्री हें काम एका दिवसांत करून देतो. परंतु असें करणें म्हणजे पेकरच्या पूर्वींच्या काळांत परत जाणें होय. तें ९.४ मीटरांचें देणें प्रत्येक फेऱ्याला टायरांकडून नाहींतर आंसाकडून वसूल होत राहतें. शेतांतून बाहेर न पडणाऱ्या गाडीला हें एक वेळ चालेल. परंतु जी गाडी शनिवारीं माळशेजचा घाट चढणार आणि सोमवारीं पामबीच रस्त्यानें कामावर जाणार, तिला हा उपाय करणें निव्वळ अविचार आहे. पावसांत निसरडें झालेलें घाटांतलें वळण आलें कीं अशी गाडी सुकाणूला दाद न देतां सरळ जाऊं पाहते, आणि घाटांत सरळ जाण्यास जागा नसते. शंभर ठिकाणीं पैसा वांचवावा, येथें वांचवूं नये.

दुसरा वर्ग आपोआप लागणाऱ्या कुलुपांचा. अमेरिकेंत युद्धकाळांतील लष्करी मालट्रकांना ‘नोस्पिन’ नांवाचें असें कुलूप लागलें. तेंच पुढें डेट्रॉइट लॉकर म्हणून प्रसिद्धि पावलें. तें एरव्हीं बंद असतें आणि वळणावर वेगानें फिरूं पाहणाऱ्या बाहेरच्या चाकाला तेवढ्यापुरतें मोकळें करतें. मजबुतीला त्याची बरोबरी नाहीं. मात्र सडकेवर त्याचे खटके आणि धक्के सोसावे लागतात. त्याच तत्त्वावरचें, परंतु जुन्याच गोळ्याच्या आंत बसणारें लहान कुलूप त्याहून स्वस्त पडतें. घर्षणाच्या चकत्यांचें डिफरन्शियल याहून सौम्य असतें. तें घसरणीला आळा घालतें, पूर्ण बंदी करीत नाहीं. आणि चकत्या झिजल्या कीं त्याचा गुणहि झिजतो.

तिसरा वर्ग चालकाच्या मर्जीनें उघडणाऱ्या-मिटणाऱ्या कुलुपांचा, आणि गुणांच्या दृष्टीनें हाच श्रेष्ठ. ऑस्ट्रेलियांतील एआरबी कंपनीनें १९८७ सालीं रॉबर्ट्स यांचें हवेच्या दाबावर चालणारें कुलूप आपल्याकडे घेतलें आणि जगभर नेलें. बटण दाबावें, कुलूप लागावें. पुन्हा दाबावें, गोळा मोकळा व्हावा. त्याला हवेचा पंप लागतो, नळी लागते, आणि किंमत काटकसरी मालकाला घाम फोडणारी असते. पुण्याच्या फोर्स मोटर्सनें आपल्या गुरखा गाडीला पुढें आणि मागें दोहोंकडे हातानें लावावयाचें कुलूप कारखान्यांतूनच दिलें. महिंद्रनें २ ऑक्टोबर २०२० रोजीं, म्हणजे कंपनीच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं, नवी थार बाजारांत आणली. तिच्या कांहीं प्रकारांना ईटन कंपनीचें यांत्रिक कुलूप आहे. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारें शंभराचा फरक पडला कीं तें आपणहून लागतें, आणि ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढें तें लागत नाहीं. विलिसच्या जुळणीपासून येथवर यावयास सत्तर वर्षें लागलीं.

मग थोडक्या पैशांच्या गाडीला काय योग्य? कुलुपाची किंमत विचारण्यापूर्वीं मालकानें आपला आंस ओळखावा. जुन्या जीपचा मागचा आंस स्पायसर ४४ या घराण्यांतला असतो. हें घराणें जगभर पसरलेलें असल्यामुळें त्याला कुलुपें पुष्कळ मिळतात; परंतु याच घराण्यांत दांड्याच्या टोकाला कोठें १०, कोठें १९, तर कोठें ३० दांते असतात. दांते मोजल्याशिवाय मागविलेलें कुलूप कपाटांत ठेवण्याच्याच कामाचें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोकळ्या डिफरन्शियलमध्यें प्रत्येक अर्ध्या दांड्यावर निम्माच जोर येतो. कुलूप लागल्यावर प्रसंगीं सारा जोर एकट्या दांड्यावर येतो. जुन्या दांड्याचें टोक निमुळतें असतें आणि चाकाचा तुंबा त्यावर एका लहानशा चावीच्या आधारानें बसलेला असतो. निम्म्या जोरावर चाळीस वर्षें टिकलेली ती चावी दुप्पट जोरानें एका दिवसांत कापली जाऊं शकते. म्हणून ज्याच्यापाशीं पैसा बेताचा आहे त्यानें प्रथम टायर, ब्रेक आणि दांडे यांचा बंदोबस्त करावा. उरलेल्या पैशांत हातानें लागणारें कुलूप बसत असेल तर तें घ्यावें, नसेल तर एक वर्ष थांबावें. चांगल्या नक्षीचे टायर आणि त्यांतली हवा थोडी कमी करण्याची युक्ति एवढ्यावरच निम्म्या चिखलांतून गाडी निघते. परत सडकेला लागण्यापूर्वीं हवा पुन्हा भरावी, हें सांगणें नलगे.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरतील असे फेरफार करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें कडकपणें लावावें असा निर्णय दिला. तेव्हां गोळा उघडण्यापूर्वीं वाशीच्या किंवा पनवेलच्या परिवहन कार्यालयांत एक खेप घालणें शहाणपणाचें.

जुनी गाडी विकत घेतांना तिच्या आंसांत कुलूप आहे कीं नाहीं हें गोळा न उघडतांहि कळतें. पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावावे, मागचीं दोन्ही चाकें जॅकवर उचलून आंसाखालीं भक्कम टेकू द्यावे, गियर मोकळा ठेवावा आणि एक चाक हातानें फिरवावें. दुसरें चाक उलट दिशेनें फिरलें तर गोळा मोकळा आहे. तें त्याच दिशेनें फिरलें तर आंत कुलूप लागलेलें आहे, किंवा कोणीतरी वितळजोड करून ठेवला आहे. आणि यांतलें खरें कोणतें, हें पाहण्यासाठीं मागचें झांकण काढावयास लावून मगच पैसे मोजावे.