क्रूसाच्या आकृतिबंधाचे ऐतिहासिक वाचन

छावणीतील दफनभूमीचा अभ्यास करताना क्रूसाच्या आकारावरून मृताचे मूळ ठरविण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. वलयांकित, म्हणजेच केल्टिक, क्रूसाचे भव्य दगडी नमुने आयर्लंड व स्कॉटलंड येथे आठव्या शतकापासून आढळतात. त्यातील वलय हा सूर्यपूजेचा अवशेष होय, हे मत लोकप्रिय असले तरी निराधार आहे. दगडी भुजांना आधार देणे किंवा विजयमाला सूचित करणे, ही स्पष्टीकरणे अधिक पटतात. एकोणिसाव्या शतकात या आकाराचे पुनरुज्जीवन झाले व तो ब्रिटिश साम्राज्यभर थडग्यांवर पसरला. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटची फौज असे. १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली. अशा ठिकाणी वलय आढळल्यास ते त्या काळाची अभिरुची सांगते. आयरिश वंश सिद्ध करीत नाही.

मुंबईतील क्रूसांचे प्रयोजन निराळे. १८९६ च्या प्लेगच्या काळात गिरगाव, वांद्रे येथील ख्रिस्ती वस्त्यांत रक्षणार्थ क्रूस उभारले गेले. तेथे आकारापेक्षा जागा बोलते : वाडीचे तोंड, रस्त्याचा नाका. मात्र काही क्रूस त्याहून जुने असल्याने सरसकट सर्वांना ‘प्लेगचा क्रूस’ म्हणण्यापूर्वी चौथऱ्यावर कोरलेले वर्ष वाचावे.