बंबाची गोष्ट

आमच्या घरात 'बंब' म्हटलं की आधी आठवतो तो न्हाणीघरातला तांब्याचा बंब. मधे निखारे, भोवती पाणी. रस्त्यावर मात्र बंब म्हणजे आग विझवायची लाल गाडी. एकात विस्तव पाणी तापवतो, दुसऱ्यातलं पाणी विस्तव विझवतं, आणि शब्द एकच! गंमत आहे ना? हा शब्द आपल्याकडे आला पोर्तुगीज 'बोंबा'वरून. अर्थ अगदी साधा, पंप.

आणि खरंच, बंब म्हणजे मुळात पंपच. बाकी सगळा लवाजमा त्याच्याभोवती जमला. मुंबई अग्निशमन दलाची स्थापना १ एप्रिल १८८७ ची. त्या काळी बंब ओढायला घोडे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचे बंब आले आणि हळूहळू तबेले ओस पडले. हाताने बडवायच्या घंटेच्या जागी सायरन आला. गाडीचं जे इंजिन चाकं फिरवतं तेच पोचल्यावर पंप फिरवतं, म्हणून बंब उभा असला तरी त्याची घरघर चालूच असते.

आता थोडा हिशेब. आपल्याकडच्या नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पंप पूर्ण जोरात चालवला तर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी फेकतो. म्हणजे सव्वादोन मिनिटांत टाकी रिकामी! म्हणून तर बंबामागून टँकर येतात. पाण्याचा रेटा असा की होजचं तोंड एकट्याने धरून ठेवणं कठीण, मागे दुसरा माणूस लागतोच. उंच इमारतींसाठी फिरत्या बैठकीची शिडी. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजच्या खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवलं ते अशाच शिड्यांवरून, आत अतिरेकी असताना.

पण यंत्रं कितीही आली तरी शेवटची काही पावलं माणसालाच टाकावी लागतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास आग दिसली. बंब आले, होज जहाजावर चढवले, तळात पाणी ओतत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात, तो त्यांच्या आठवणीत.

फार जुनी गोष्ट वाटते? ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारत कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. हाताखालच्या माणसांना पुढे पाठवून मागे थांबणारे साहेब नव्हते ते. सोबत गाड्या होत्या, होज होते, सगळं होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण आमची गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर मधे जेमतेम एक रिक्षा जाते. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या घरात असते. म्हणजे आमच्याकडे कधी आग लागलीच तर बंब कोपऱ्यावर थांबणार, आणि पोरं खांद्यावर होज घेऊन पळत येणार. तेवढी मिनिटं जाणार ती आपल्या पार्किंगमुळे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला, तर चर्चा लिफ्टच्या रंगावर गेली. असो!

मंडळी, काका-मामा-आत्या सगळ्यांनाच सांगतोय. या रविवारी एक मोजपट्टी घ्या आणि आपल्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा. जिथे अडीच मीटर भरणार नाहीत, तिथे कोणाची गाडी उभी आहे ते बघा. आपलीच असेल तर हलवा.