पैठणचा वेताळ आणि सिद्धीचा अधिकार

आजकालच्या मुलांना अद्भुत शक्ति धारण करणाऱ्या वीरांच्या गोष्टींचा मोठा नाद आहे. आणि असल्या गोष्टी परदेशांतूनच आल्या असा पुष्कळांचा समज आहे. परंतु मंत्रसिद्धि, आकाशगमन आणि मृतसंजीवन यांनीं भरलेलें एक संपूर्ण कथाविश्व आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून अवघ्या ५० किलोमीटरांवर, गोदातीरीं पैठणांत मानलेलें आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानीं असतें.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतांत भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवरील पेठ म्हणून तिचा उल्लेख आहे. परंपरा सांगते कीं, येथील सातवाहन राजाच्या पदरीं असलेल्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत ‘बृहत्कथा’ रचिली. मूळ ग्रंथ लुप्त झाला. पण ११ व्या शतकांत काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ सोमदेवानें ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यांत ती कथासृष्टि संस्कृतांत उतरली. वेताळाच्या २५ कथाहि त्या ग्रंथांत आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८३० च्या सुमारास त्या मराठी वाचकांपुढें ठेविल्या. आपण ज्याला उज्जयिनीचा विक्रम म्हणून ओळखतों, तो राजा सोमदेवाच्या ग्रंथांत त्रिविक्रमसेन असून त्याची नगरी प्रतिष्ठान आहे.

कथा आपणांस ठाऊकच आहे. क्षान्तिशील नांवाचा भिक्षु दहा वर्षें रोज एक फळ राजाला अर्पण करितो; एके दिवशीं माकडानें तें फोडलें, तों आंतून रत्न निघतें. भिक्षूच्या विनंतीवरून राजा रात्रीं स्मशानांतील झाडावरचें प्रेत आणावयास जातो. प्रेतांत वेताळ असतो. तो वाटेंत गोष्ट सांगून प्रश्न घालतो, आणि उत्तर ठाऊक असूनहि न दिल्यास मस्तक फुटेल असें बजावतो. राजा उत्तर देतो, आणि वेताळ पुन्हां झाडावर जातो.

भिक्षूला विद्याधरांचें आधिपत्य हवें होतें. विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा. या कथाविश्वांत शक्ति म्हणजे केवळ बाहुबळ नव्हे, तर विद्या. म्हणून तेथें पहिला प्रश्न उठतो तो अधिकाराचा. विद्या कोणाच्या हातीं असावी?

वेताळाच्याच एका गोष्टींत याचा निवाडा आहे. चौघे भाऊ निरनिराळ्या विद्या शिकून येतात. रानांत सांपडलेल्या हाडांवर एक मांस चढवितो, दुसरा कातडें व केंस, तिसरा उरलेले अवयव जोडतो. चौथा प्राण घालतो. तो प्राणी सिंह निघतो आणि चौघांनाहि मारतो. दोष कोणाचा? राजा म्हणतो, चौथ्याचा. पहिल्या तिघांना प्राणी कोणता तें कळलें नव्हतें. चौथ्याला सिंह समोर दिसत होता, तरी विद्या मिरविण्यासाठीं त्यानें तो उठविला. सामर्थ्याचा दोष जाणतेपणाच्या मापानें मोजावा, हें तत्त्व आजच्या शास्त्रज्ञांनाहि लागू आहे.

आतां राजाचें पहा. तो २३ वेळां खरें उत्तर देतो, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरानें हातचें काम गमावतो. २४ व्या प्रश्नाचें उत्तर त्याला येत नाहीं, तेव्हां तो उगीच कांहीं न बोलतां गप्प चालतो. त्याच्या या धैर्यावर प्रसन्न होऊन वेताळ भिक्षूचा कपटी बेत उघड करितो.

येथें एक अडचण आहे. राजानेंहि ‘नमस्कार कसा करावा, आपणच दाखवा’ असें म्हणून भिक्षूचें मस्तक उडविलें. मग कपटाला कपटच ना? नववींतल्या एका मुलानें मला हेंच विचारलें होतें. मीं त्याला ‘देवाची कृपा’ असें कांहींतरी सांगून खालीं बसविलें. उत्तर मला येत नव्हतें. राजाप्रमाणें गप्प राहण्याचें धैर्यहि नव्हतें. पुष्कळ वर्षें तें मनांत सलत राहिलें.

आज मी त्याला सांगेन: बाळ, राजाची युक्ति निष्कलंक नाहीं. पण भिक्षूनें दहा वर्षें विश्वास पेरला तो बळी घेण्यासाठीं. राजानें तें कपट शेवटच्या क्षणीं जिवावर आलेलें संकट टाळण्यासाठीं परतविलें. आणि खरी कसोटी त्यानंतरची आहे. वेताळानें वर मागावयास सांगितलें, तेव्हां राजानें या गोष्टी जगांत प्रसिद्ध आणि आदरणीय व्हाव्यात, एवढेंच मागितलें. ज्याला हांव होती त्याची सिद्धि हुकली. ज्यानें मागितली नाहीं त्याला विद्याधरांचें पद पुढें आपोआप चालून येईल, असें वेताळानें सांगितलें.

तो मुलगा आतां स्वतः बाप झाला असेल. त्याच्या मुलानें असा प्रश्न विचारला, तर ‘मला ठाऊक नाहीं’ एवढें म्हणण्याचें धैर्य त्याला लाभो. माझ्याकडून तें त्याला मिळावयास हवें होतें.